एसीतली गोधडी

बाहेर पारा पंचेचाळीसवर आणि घरात गोधडी! भारतातून येणारी पाहुणेमंडळी हसतात. पण मस्कतच्या उन्हाळ्यात एसी रात्रंदिवस चालतो, आणि पहाटे अंगावर काहीतरी ओढावंच लागतं. विकतची ब्लँकेटं आहेत की, पण त्यांना जुनेराचा मऊपणा कुठला?

रुवीत आम्ही पाचजणी शुक्रवारी दुपारी मुलांना बापांवर सोपवून शिवायला बसतो. दोघी शिक्षिका, एक बी.कॉम.; पण कौटुंबिक व्हिसावर नोकरी करता येत नाही. साड्यांचे थर अंथरायचे, कडेनं धावदोरा घालत आत आत यायचं. टाका वाकडा आला तरी उसवायचा नाही, हा आमचा नियम.

शेजारच्या ओमानी आजींनी आमचे टाके उलटसुलट पाहिले आणि आतून कुम्मा आणून दाखवली. ही इथल्या पुरुषांची भरतकामाची टोपी. सुईनं बारीक भोकं पाडून त्यांच्या कडा शिवतात, म्हणजे डोक्याला वारा लागतो. हातानं भरायची तर एका टोपीला आठवडेच्या आठवडे जातात. त्यापुढे आमचा धावदोरा म्हणजे अगदीच ढोबळ काम!

आता आमच्यातल्या एकीच्या यजमानांचं कंत्राट संपलंय, महिनाअखेर निघायचं. तिच्या आईची दोन नऊवारी लुगडी गोधडीत आहेत आणि मधला भाग अजून शिवायचाय. म्हणून हल्ली आम्ही रोज बसतो. काट्यावर गोधडी तीन किलो भरली. मिक्सर इथेच ठेवायचं तिनं ठरवलंय.