हिंगाच्या डबीतला गहू

माझ्या मुलीला सीलिअॅक असल्याचं निदान झालं, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "म्हणजे गव्हाची अॅलर्जी का गं?" नेहमीची अॅलर्जी नव्हे ही. गहू आणि जव या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणकेला ताण येतो, पाव फुगतो, तो याच्यामुळं. सीलिअॅक असलेल्याच्या पोटात ते गेलं, की शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावरची बारीक लव झडते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. मूल वाढत नाही, रक्त कमी होतं. काहींचं पोट तर मुळीच दुखत नाही. म्हणूनच "चिमूटभरानं काय होतंय?" हा आजीचा प्रेमळ प्रश्न घातक. त्रास दिसला नाही तरी आतलं नुकसान चालूच राहतं.

गव्हाचा हा दोष डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञानं दाखवून दिला. 1944-45च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला, तेव्हा त्याचे हे बालरुग्ण सुधारले आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडले. 1950 साली त्यानं त्यावर प्रबंध लिहिला. आजही यावर पथ्य हाच उपाय आहे, आणि तोही जन्मभराचा.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे भाकरी आहेच की! आहे, आणि ठाणे-कल्याणच्या आगरी-कोळी घरांत तर तांदळाची भाकरी रोजची. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ सगळं चालतं. घावन, आंबोळी, उकडीचे मोदक चालतात. उपासाचे दिवस तर आमच्याकडे सगळ्यांत निवांत: वरी, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा.

अडचण असते ती गिरणीत. डोंबिवलीतल्या कुठल्याही गिरणीत दिवसभर गहूच पडतो. "ज्वारीवर ज्वारी दळा" असं आपण सांगतो, पण त्याआधीच्या गव्हाचं पीठ जात्यात राहिलेलंच असतं. बरं, एकदम महिन्याचं दळून आणावं तर ज्वारीच्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना चिरते. ग्लुटेन नसल्यानं या पिठाला चिकटपणा आणावा लागतो तो गरम पाण्यानं आणि ताजेपणानं. शेवटी आम्ही घरघंटी घेतली. तिच्यात गहू घालायचा नाही, हा घरातला कायदा. घरातल्या बाकीच्यांच्या कणकेचं दळण बाहेरून येतं. पोळपाट-लाटणं, तवा, परात वेगळी आणि पुऱ्या तळलेल्या तेलात साबुदाणावडा नाही.

आणि मग हिंग! बाजारात मिळणारा बांधानी हिंग बहुधा मैद्यात किंवा कणकेत मळलेला असतो. म्हणजे वरण, आमटी, बटाटेवडा, लोणचं, जिथं गव्हाचा संशयही येणार नाही तिथं तो फोडणीतून शिरतो. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो, डबीवरचे घटक वाचून घ्यावा. तसंच मेतकुटाचं आणि थालीपिठाच्या भाजणीचं. दोन्हींत मूठभर गहू घालायची रीत आहे, तेव्हा ती घरीच करावी. सोया सॉसमध्ये गहू असतो, मुलांच्या दुधातल्या पावडरींत जवाचं माल्ट. पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं तर आपल्याकडच्या नियमानुसार किलोला 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. पण ती बिस्किटं महाग असतात आणि मला विचाराल तर भाकरीपुढं कुचकामी.

डब्याचं मात्र जमवावं लागलं. सकाळी केलेली ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत कडक होते. घावन मऊ राहतात, तांदळाची उकड काढून केलेली भाकरीही बरी टिकते.

एक सांगून ठेवते. शंका आली म्हणून आपल्या मनानं गहू बंद करू नका. रक्ताची आणि दुर्बिणीची तपासणी होईपर्यंत तो खात राहावा लागतो, नाहीतर निदानच चुकतं.

सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा. आमची लेक तो हातावर घेते, कपाळाला लावते आणि माझ्याकडे देते. गेल्या श्रावणात मजल्यावरच्या एका वहिनींनी आपणहून वरीचा शिरा केला, वेगळ्या कढईत, नैवेद्यही त्याचाच दाखवला. गुरुजींनी काहीही हरकत घेतली नाही.