बिअर : एका चवीचा शोध

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही श्रोत्यांच्या कपाळावर आठी उमटेल, याची मला कल्पना आहे. ती आठी मला परकी नाही. ज्या घरात मी वाढलो त्या घरात मद्याचा विषयच निघत नसे आणि त्याला सबळ कारण होते. माझे सख्खे मामा हुशार होते, हौशी होते, गोड गळ्याचे होते. दारूपायी ते प्रथम नोकरीला, मग घराला आणि अखेर जिवाला मुकले. त्यामुळे ‘मला चांगली बिअर आवडते’ हे साधे वाक्य उच्चारायला मला चाळिशी उलटावी लागली. आणि आईच्या देखत तर ते मी कधीच उच्चारले नाही. आज ते उच्चारतो आहे, ते कोणाला पिण्याची शिफारस करण्यासाठी नव्हे. जी वस्तू आपण केवळ नशेची म्हणून ओळखतो, तिच्यामागे माणसाची केवढी विद्या आणि केवढी चिकाटी उभी आहे, ते सांगावे एवढाच हेतू आहे.

माझी आणि बिअरची पहिली भेट अगदीच निष्फळ ठरली. हैदराबादेस एका मित्राच्या लग्नानिमित्त जमलेल्या मंडळींनी आग्रह केला, बर्फात बुडवून ठेवलेली बाटली पुढे आली आणि मी एक घोट घेतला. कडवट, फेसाळ, दात शिवशिवतील इतके गार पाणी, यापलीकडे मला त्यात काही आढळले नाही. लोक याच्यासाठी पैसे का मोजतात, हे कोडे घेऊन मी घरी परतलो.

ते कोडे सुटले ते पुष्कळ वर्षांनी, इंग्लंडच्या मध्यभागी ट्रेंट नदीकाठी वसलेल्या बर्टन या गावी. कामानिमित्त तिकडे गेलो असता एका संध्याकाळी तेथील जुन्या पबमध्ये यजमानांबरोबर बसलो होतो. तिथल्या वृद्ध मालकाने लाकडी मुठीचा हातपंप सावकाश ओढून तळघरातल्या पिंपातली तांबूस बिअर पेल्यात भरली. पेला हाताला थंड लागला, पण गार लागला नाही. मी तसे बोलून दाखवताच म्हातारबुवा हसून म्हणाले, “गार केली तर तुम्हाला थंडी कळेल, बिअर कळणार नाही.”

त्यांचे म्हणणे खरे होते. फ्रिजमधून नुकत्याच काढलेल्या हापूसच्या फोडीला वास येत नाही, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. थंडीने जीभ बधिर होते आणि सुवास वर उठत नाही. त्या पेल्यातून मात्र भाजलेल्या पोळीच्या कडेचा खमंग वास आला. घोट घेताच मधासारखी पुसट गोडी लागली आणि शेवटी संत्र्याच्या सालीची आठवण करून देणारा कडवटपणा जिभेवर बराच वेळ रेंगाळला. पेला संपायला मला तासभर लागला. दुसरा मागवावा असे वाटले नाही. हे बनते कसे, ते जाणून घ्यावेसे मात्र फार वाटले.

मौज अशी की, बिअरची पहिली पायरी आपल्या आजीबाईंना चांगली ठाऊक होती. बाळासाठी नाचणीचे सत्त्व करताना त्या नाचणी भिजवून तिला मोड आणीत आणि मग ती वाळवीत. बिअरसाठी जवावर हाच संस्कार करतात. दाण्याला मोड येऊ लागला, की पुढे होणाऱ्या रोपाच्या पोषणासाठी दाण्यात काही पाचक द्रव्ये तयार होतात. पिठूळ भागाचे साखरेत रूपांतर करण्याची शक्ती त्यांच्यात असते. नेमक्या वेळी दाणे उष्णतेने वाळवून मोडाची वाढ थांबवितात. या जवाला माल्ट म्हणतात. हलका वाळवला तर बिअर सोनेरी होते, अधिक भाजला तर तांबूस, आणि कॉफीच्या बियांप्रमाणे काळा होईतो भाजला तर काळीभोर. हा माल्ट भरडून सुमारे पासष्ट अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवला, की ती पाचक द्रव्ये आपले काम करतात आणि गोड काढा तयार होतो.

नुसता गोड काढा चटकन ओशट वाटेल आणि नासेलही. म्हणून तो उकळताना त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुले घालतात. त्यांचा कडूपणा गोडीला आवर घालतो, त्यांचा सुगंध काढ्यात उतरतो आणि नासवणाऱ्या कित्येक जंतूंना त्यांच्यामुळे पायबंद बसतो. कडू ही चव माणसाला शिकावी लागते. लहानपणी आपण कारले आणि मेथी ताटाबाहेर सारतो. पुढे त्याच कारल्याची कुरकुरीत काचरी वरणभाताशी हवीशी वाटते. बिअरचे तेच आहे. पहिल्या घोटाला नाक मुरडणे यात अरसिकता नाही; तो जिभेचा सावधपणा आहे.

यानंतर येते यीस्ट, म्हणजे किण्व. गोव्याचे पोदेर पूर्वी पावाचे पीठ माडाच्या सुरेने फुगवीत. त्या सुरेत हेच सूक्ष्म जीव असतात. ते साखर खातात आणि मद्यार्क व वायू मागे ठेवतात. यीस्टच्या एका जातीला ऊब मानवते. ती फेसाबरोबर वर चढते आणि फळांसारखे वास निर्माण करते. तिच्यापासून होते ती एल. दुसरी जात थंडीत, संथपणे काम करते आणि तळाशी बसते. तिच्यापासून होते ती स्वच्छ चवीची लागर. आपल्याकडे बाटलीत मिळणारी बिअर बहुतांशी या दुसऱ्या कुळातली असते.

राहता राहिले पाणी. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम विपुल आहे. त्या जड पाण्याने हॉप्सचा कडवटपणा रेखीव होतो. या गावाच्या भाग्याचा धागा आपल्या देशाशीही जुळलेला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळील बो येथील हॉजसन याच्या कारखान्यातून कंपनीच्या जहाजांवर चढलेली बिअर केप ऑफ गुड होपला वळसा घालून कित्येक महिन्यांनी मुंबई-कलकत्त्यास पोहोचे. भरपूर हॉप्स घातलेली बिअर हा प्रवास सोशीत असे. १८२० नंतरच्या दशकात बर्टनच्या ऑल्सपने या व्यापारात उडी घेतली; बर्टनच्या पाण्याने त्याची बिअर अधिक उजळ आणि रुचकर झाली आणि ‘इंडिया पेल एल’ या नावाने तो प्रकार जगभर गाजला. नाव हिंदुस्थानचे, पिणारे मात्र प्रामुख्याने गोरे साहेब आणि शिपाई!

याच्या नेमकी उलट गोष्ट बोहेमियातील पिल्झेन शहराची. तेथील बिअर इतकी बिघडत चालली होती, की १८३८ साली नगरमंदिरासमोर छत्तीस पिंपे भर रस्त्यात ओतून देण्यात आली. नागरिकांनी एकत्र येऊन नवा कारखाना उभारला आणि बव्हेरियाहून योझेफ ग्रोल नावाच्या तरुण कारागिरास बोलावले. पिल्झेनचे पाणी अत्यंत मृदू. ग्रोलने त्या पाण्याला फिक्या माल्टची, तेथील सुगंधी हॉप्सची आणि थंडीत काम करणाऱ्या यीस्टची जोड दिली आणि १८४२ साली जी बिअर केली, ती सोन्यासारखी पारदर्शक निघाली. आज जगातल्या बहुतेक सोनेरी बिअर याच पिल्झनरच्या लेकी-नाती आहेत.

विज्ञानाचेही या पेयाने पुष्कळ भले केले आहे. लुई पाश्चरने १८७६ साली बिअरवर स्वतंत्र ग्रंथ लिहून ती का नासते ते दाखवून दिले. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन याने १८८३ साली यीस्टची शुद्ध पैदास साधली आणि त्या कारखान्याने हे ज्ञान तिजोरीत न ठेवता इतरांनाही मोकळेपणाने दिले. आम्लतेचे मोजमाप म्हणून आपण शाळेत जो पीएच शिकतो, तोही त्याच प्रयोगशाळेत सोरेन्सेन याने १९०९ साली मांडला.

परंतु ज्ञानाचा उपयोग गुण वाढवण्यासाठी होतो, तसाच सोयीसाठीही होतो. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर इंग्लंडात मोठमोठ्या कंपन्यांनी लहान कारखाने गिळंकृत केले. पिंपातली जिवंत बिअर सांभाळणे जिकिरीचे. तळघर बारा अंशांच्या आसपास थंड हवे, पिंप हलवून चालत नाही आणि ते उघडले की काही दिवसांत संपवावे लागते. त्यापेक्षा बिअर गाळून, तापवून, यीस्टचा जीव घेऊन, बाहेरून वायू भरून गारेगार विकणे सोपे होते. ती टिकू लागली, सर्वत्र एकसारखी मिळू लागली. फक्त तिची चव हरपली. जुनी एल नामशेष होणार असे वाटू लागले.

अशा वेळी, १९७१ साली, आयर्लंडमध्ये सुटीवर गेलेल्या चार इंग्रज तरुणांनी अस्सल एल वाचवण्याची मोहीम सुरू केली. त्यांच्या हाती ना सत्ता होती, ना भांडवल. कोणत्या गावी, कोणत्या पबमध्ये खरी बिअर मिळते याच्या याद्या त्यांनी छापल्या, मेळे भरवले आणि ग्राहकाला विचारायला शिकवले, ‘ही बिअर जिवंत आहे काय?’ पुढे त्यांच्या संघटनेची सभासदसंख्या लाखाच्या वर गेली आणि लहान कारखाने पुन्हा उभे राहू लागले. मी बर्टनला प्यालेला तो पेला त्या चळवळीवाचून माझ्यापर्यंत पोहोचला नसता. मागणाऱ्याची जीभ जागी असेल तरच करणाऱ्याचा हात टिकतो. हे बिअरपुरते खरे नाही. तूप, गूळ, हातमागाचे लुगडे आणि गवयाचे गाणे यांनाही हाच नियम लागू आहे. गोव्यातला जाणता माणूस उन्हाळ्यातल्या उराकाची वाट पाहतो आणि फेणीचा अस्सलपणा वासावरून सांगतो, म्हणून तर तेथील काजूच्या भट्ट्या अद्याप तग धरून आहेत.

आता पुन्हा मामांकडे वळतो. चव जाणणारा कमी पितो, असे म्हणण्याचा मोह मला होतो. माझ्यापुरते ते खरेही आहे. पण ते व्यसनावरचे औषध आहे असे मी म्हणणार नाही. मामा गाण्यातले दर्दी होते. रसिकतेने त्यांना वाचवले नाही. व्यसन हा आजार आहे, अभिरुचीतला उणेपणा नव्हे. शिवाय मद्याचे अमुक प्रमाण प्रकृतीस निर्धोक आहे असे सांगता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. बिअरही त्याला अपवाद नाही. बडोद्याच्या श्रोत्यांच्या बाबतीत तर कायद्यानेच हा प्रश्न निकालात काढला आहे. ज्याने कधी घेतली नाही, त्याचे काही अडलेले नाही.

मात्र जो घेतोच, त्याने ती घटाघट घशाखाली ओतू नये. पेला जरा निवांत राहू द्यावा, रंग पाहावा, वास घ्यावा आणि जव, पाणी, फूल व यीस्ट यांपैकी कोण काय बोलते ते ऐकावे. आणि जेथे थांबायचे तेथे थांबावे. घरी माझ्या कपाटात काचेचा एकच पेला आहे. दुसरा मी मुद्दामच घेतलेला नाही.