संधानकर्मात किण्वाचा पुनर्वापर

हिवाळ्यात संधान लागत नाही, ही स्वतः औषधे सिद्ध करणाऱ्या ग्रामीण वैद्यबंधूंची नेहमीची तक्रार आहे. आमच्या धामणगाव बढे परिसरात मार्गशीर्ष-पौषातील रात्री थंड असतात. काढा, गूळ, मध, प्रक्षेप व धायटीची फुले विधिवत घालूनही भांडे आठ-आठ दिवस मूक राहते आणि तेवढ्या अवकाशात वर बुरशी धरते. द्रव्ये महाग, श्रम मोठे. शिवाय रुग्ण औषधाची वाट पाहत असतो.

पाश्चात्त्य देशांत घरी बिअर करणारे लोक एका खेपेच्या तळाशी बसलेला यीस्टचा गाळ पुढील खेपेस घालतात. ही युक्ती आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही. शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यमखंडातील १० व्या अध्यायात सुरेच्या निरनिराळ्या थरांना प्रसन्ना, कादंबरी, जगल, मेदक, बक्कस अशी नावे दिली असून सुराबीजास किण्व म्हटले आहे. ‘बीज’ हा शब्दच पुरेसा बोलका आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही उडीद व तांदूळ यांपासून किण्व करण्याची कृती आढळते. घरोघरचे विरजण तरी दुसरे काय आहे?

धायटीच्या फुलांबरोबर यीस्ट भांड्यात येते हे खरे. पण फुले जुनी, दमट वा अति वाळलेली असल्यास ते अल्प व दुर्बळ असते. मागील संधानातील किण्व मात्र त्याच गुळात, त्याच काढ्यात वाढलेले असल्याने तत्काळ कार्यास लागते आणि बुरशीला वाव राहत नाही.

तथापि सरसकट कोणताही गाळ उचलून घालणे आम्हांस मान्य नाही. शार्ङ्गधरांच्या सामान्य परिभाषेप्रमाणे १ द्रोण द्रवास १ तुळा गूळ, त्याच्या निम्मे मध व दशमांश प्रक्षेप घ्यावयाचा असतो. म्हणजे सुमारे १२ लिटर द्रवात ४.८ किलो गूळ आणि वर मध! एवढ्या गोडीत, आणि पुढे ५ ते १० टक्के मद्यांशात, महिनाभर राहिलेले यीस्ट थकते. बिअर करणारेही याच कारणास्तव तीव्र मद्याचा गाळ टाळतात. म्हणून संधान पूर्ण होताच, म्हणजे बुडबुड्यांचा आवाज थांबून भांड्याच्या तोंडाशी धरलेली काडी विझेनाशी झाली की, लगेच किण्व काढावे. आसव महिनोन्‌महिने गाळावर ठेवून मग त्याचा उपयोग करू नये.

गाळाच्या तळाशी प्रक्षेपाची जड भरड असते, तिचा उपयोग नाही. उकळून पूर्ण थंड केलेल्या पाण्यात गाळ ढवळून १०-१५ मिनिटे स्थिर ठेवावा. जड भाग बसतो. वरचे दुधाळ पाणी निर्जंतुक बरणीत ओतून शीतकपाटात ठेवावे. झाकण सैल असावे, अन्यथा वायूने बरणी फुटते. एक-दोन दिवसांत खाली पांढुरका थर जमतो, तेच किण्व. १० लिटर संधानास १०० मि.लि. पुरते. दोन आठवड्यांत ते वापरावे. वास आंबूस, शिरक्यासारखा वाटला तर टाकून द्यावे, कारण शुक्तत्वाचे बीजही याच वाटेने पुढे जाते.

आणखी एक दंडक आम्ही कटाक्षाने पाळतो. द्राक्षासवाचे किण्व द्राक्षासवासच. कुटजारिष्टाचे अन्यत्र नाही. धुतलेल्या किण्वातही मूळ द्रव्यांचा अंश उरतोच आणि योगाचे स्वरूप बदलते. धायटीही वगळू नये. ती केवळ किण्वासाठी नसून तिचा कषाय रस योगाचा भाग आहे. परवानाधारक उत्पादकास ग्रंथोक्त पाठाचे बंधन असल्याने हे विवेचन स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करणाऱ्या वैद्यांपुरते समजावे.

तीन-चार खेपांनंतर किण्व बदलावे. वैशाखात तर त्याची गरजच नाही. त्या उष्म्यात भांडे थंड जागी कसे राहील एवढेच पाहावे. धायटी माघ ते चैत्र या काळात सातपुड्याच्या उतारांवर फुलते, तेव्हाच ताजी फुले सावलीत वाळवून कोरड्या डब्यात भरून घ्यावीत.