पूर्वग्रह

एखाद्या व्यक्तीविषयी किंवा समाजाविषयी पुरेशी माहिती नसताना बनलेले आणि पुढे पुरावा मिळूनही न बदलणारे मत म्हणजे पूर्वग्रह. ‘मनात पूर्वग्रह ठेवून वाचू नका’, ‘हा अहवाल पूर्वग्रहदूषित आहे’ असे प्रयोग रोज कानावर पडतात. अनुकूल मतही पूर्वग्रह असू शकते. व्यवहारात मात्र हा शब्द बहुधा प्रतिकूल मतासाठीच येतो.

पूर्वग्रह आणि गैरसमज एक नव्हेत. खरी माहिती मिळाली की गैरसमज दूर होतो. पूर्वग्रह त्या माहितीलाच अपवाद ठरवून कायम राहतो. ‘हा तसा नाही, पण बाकीचे तसेच’ हे त्याचे नेहमीचे वाक्य. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ च्या आपल्या ग्रंथात हाच भेद मांडला.

पूर्वग्रहाला कायद्याचे बळ मिळाले की काय होते, हे ब्रिटिशांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात दिसते. त्याने काही जमातींना सरसकट जन्मजात गुन्हेगार मानले. नावनोंदणी, पोलिसांकडे हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायला बंदी, असा जाच निरपराधांनाही झाला. सोलापुरात अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड, ‘सेटलमेंट’मध्ये ठेवले जाई. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, या जमातींना ‘विमुक्त’ म्हटले जाऊ लागले. समजूत मात्र रद्द झाली नाही: गावात चोरी झाली की संशय आजही आधी या जमातींपैकी पारध्यांच्या पालांवर जातो. हा उघड अन्याय आहे.