पूर्ण मनाने येशूच्या मागे : रोजच्या जीवनातील अनुसरण



अंजनी नदीच्या काठी वसलेले एरंडोल हे आपल्या खानदेशातील तालुक्याचे गाव. सभोवार काळी जमीन, कपाशीची आणि ज्वारीची शेते. आज बहुतेक ठिकाणी नांगरटीचे काम ट्रॅक्टरने होते. तरी बैलजोडीचा नांगर ज्यांनी हाती धरला आहे, असे वडीलधारे आपल्या धर्मग्रामांतून अजून भेटतात. नांगरणाऱ्याची नजर समोर असावी लागते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. मागे पाहिले की तास वाकडा जातो.

प्रभू येशूने आपल्या अनुसरणाविषयी बोलताना हाच दाखला घेतला. नांगराला हात लावून मागे पाहणारा मनुष्य देवराज्याच्या कामास योग्य नाही, असे त्याचे म्हणणे संत लूकच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायाच्या शेवटी आले आहे. त्या प्रसंगी तीन माणसे येशूसमोर येतात. पहिला स्वतःहून म्हणतो की आपण कोठेही येऊ. दुसऱ्याला आधी वडिलांना मूठमाती द्यायची आहे. तिसऱ्याला आधी घरच्यांचा निरोप घ्यायचा आहे. या तिघांपैकी एकानेही नकार दिलेला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या होकारात मात्र ‘आधी’ हा एक शब्द आहे. आपण बाप्तिस्मा घेतलेली माणसेदेखील येशूला नकार देत नाही. आधी मुलांची शिक्षणे, आधी घराचे बांधकाम, आधी मुलीचे लग्न, मग प्रभूचे काम, असे आपण म्हणतो आणि ‘आधी’ची यादी कधी संपत नाही.

मग घरच्यांचा निरोप घेणे हे पाप आहे काय? मुळीच नाही. जुन्या करारात एलिया संदेष्ट्याने अलीशाला बोलावले तेव्हा तो बैलांच्या बारा जोड्यांनी शेत नांगरीत होता. त्यानेही आईवडिलांचा निरोप घेण्याची परवानगी मागितली. परंतु एलियामागे जाण्यापूर्वी त्याने आपली बैलजोडी कापली, अवजारांचे लाकूड सरपणासाठी वापरून मांस शिजवले आणि लोकांना जेवू घातले. परतीचा मार्ग त्याने मागे ठेवला नाही. येशूचा आक्षेप निरोपाला नव्हता, तर मनात राखून ठेवलेल्या त्या परतीच्या वाटेला होता. ‘पूर्ण मनाने’ याचा अर्थ एवढाच, की आपल्या जीवनाचा एखादा कोपरा ‘येथे प्रभूने लक्ष घालू नये’ म्हणून बाजूला ठेवायचा नाही.

यासाठी सर्वांनी घर सोडावे असे नाही. पेत्राने जाळी सोडली. परंतु जक्कय यरीहोतच राहिला. गरसेकरांच्या प्रदेशातील ज्या मनुष्याला येशूने भूतबाधेतून मुक्त केले, त्याने तर येशूबरोबर जाण्याची विनवणी केली होती. येशूने त्याला आपल्या घरी, आपल्या माणसांकडे परत पाठवले. आपला वधस्तंभ उचलण्याची आज्ञा देताना संत लूक ‘दररोज’ हा शब्द मुद्दाम नोंदवतो. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 21 नोव्हेंबर 1964 रोजी ख्रिस्तसभेविषयीचा जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्याच्या पाचव्या प्रकरणात हीच शिकवण आहे : पावित्र्याचे पाचारण धर्मगुरू व धर्मभगिनी यांच्याप्रमाणेच शेतकरी, मजूर, गृहिणी आणि शिक्षक यांनाही आहे.

हे पाचारण घरात कसे जगावे, याचे एक उदाहरण एरंडोलच्या जवळच असलेल्या धरणगावाशी जोडलेले आहे. पूर्वी एरंडोल तालुक्यातच मोडणाऱ्या या गावी 1890 साली त्र्यंबक बापूजी ठोंबरे जन्मले. मराठी रसिक त्यांना ‘बालकवी’ म्हणून ओळखतात. 1907 साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात या कोवळ्या मुलाच्या कवितेने साऱ्यांना मोहून टाकले. त्या संमेलनात रेव्हरंड नारायण वामन टिळकही होते. पुढे टिळकांनी या मुलाला अहमदनगरला आपल्या घरी ठेवून घेतले. तेथे लक्ष्मीबाई टिळकांनी त्याच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यामुळे त्या घरातील त्यांचे स्थान उणे झाले नाही. 5 मे 1918 रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातात त्यांचा अकाली अंत झाला.

टिळक कुटुंब कॅथलिक नव्हते. ते अमेरिकन मराठी मिशनशी निगडित होते. तथापि इतर ख्रिस्ती बंधूंच्या जीवनात पवित्र आत्म्याने जे केले, ते आनंदाने मान्य करावे, अशी विश्वपरिषदेची आपल्याला शिकवण आहे. म्हणूनच लक्ष्मीबाईंच्या जीवनातील एक घटना आम्ही येथे मांडीत आहोत. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि कर्मठ घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंचा संसार दुभंगला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे राहण्यास आल्या, तरी सोवळेओवळे त्यांनी सोडले नव्हते. पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. आपल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेत त्यांनी सांगितले आहे की, एकदा त्या विचार करू लागल्या : हे जातिभेद देवाने निर्माण केले की माणसाने? उत्तर मनाशी स्पष्ट होताच त्यांनी ठरवले की यापुढे कोणाच्याही हातचे आपण खाऊ आणि पिऊ. त्यांचा बाप्तिस्मा 1900 साली, म्हणजे त्यानंतर झाला. आधी पाण्याच्या भांड्याची वाटणी मिटली, मग मस्तकावर बाप्तिस्म्याचे पाणी आले.

बंधुभगिनींनो, हा क्रम आपल्याला अंतर्मुख करणारा आहे. आपल्यापैकी पुष्कळांचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झाला. परंतु पाण्याच्या भांड्यापर्यंत, सोयरिकीच्या बोलणीपर्यंत तो पोहोचला आहे काय? एकाच ख्रिस्तशरीराचा स्वीकार करणारी आपली कुटुंबे मुलामुलींच्या लग्नाचा विषय निघाला की हलक्या आवाजात पूर्वीची जात विचारतात, हे आपण जाणतो. संत देवसहायम यांचे स्मरण येथे करावेसे वाटते. त्रावणकोरच्या राजदरबारातील या विवाहित अधिकाऱ्याने 1745 साली बाप्तिस्मा घेतला. कनिष्ठ मानल्या गेलेल्यांसोबत ते समानतेने वागू लागले, आणि ही गोष्टही त्यांच्या छळाचे एक कारण ठरली. 1752 साली त्यांनी रक्तसाक्ष दिली. 15 मे 2022 रोजी त्यांना संतपद बहाल करण्यात आले. ज्या गोष्टीसाठी त्यांनी प्राण दिले, ती गोष्ट आपण एका स्थळाच्या चौकशीत गमावून बसतो.

दुसरा कोपरा व्यवहाराचा. खानदेशात कपाशीच्या हंगामात वजनकाट्याभोवती किती विश्वास आणि किती अविश्वास गोळा होतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेने उगीच घडवलेला नाही. जक्कयाचे परिवर्तन येशूच्या पाहुणचाराने सुरू झाले, पण त्याची खूण हिशेबात उमटली : अर्धी मालमत्ता गोरगरिबांना आणि लुबाडलेल्याला चौपट परतफेड. आपण विकणारे असू, मजुरांना रोज देणारे असू किंवा सरकारी टेबलामागे बसणारे असू. आपले मिस्साबलिदान रविवारी संपत नाही, ते सोमवारच्या काट्यावर पुन्हा तोलले जाते.

तिसरा कोपरा जिभेचा. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2018 साली पावित्र्याविषयी जे प्रेषितीय प्रबोधन लिहिले, त्यात बाजाराला गेलेल्या एका स्त्रीचे साधे उदाहरण आहे. शेजारीण भेटते, बोलता बोलता निंदानालस्ती सुरू होते आणि ती स्त्री मनाशी ठरवते की आपण कोणाविषयी वाईट बोलायचे नाही. घरी परतल्यावर ती थकलेली असते, तरी मुलाचे बोलणे शांतपणे ऐकून घेते. पोप महोदयांच्या मते ही पावित्र्याच्या वाटेवरची पावले होत. आठवडे बाजारात उभ्या असलेल्या आपल्या कोणत्याही भगिनीला ती टाकता येतील.

हे लिहिताना आम्ही स्वतःला वगळीत नाही. ‘धर्मगुरू’ हे संबोधन लाभले म्हणजे मन पूर्ण झाले असे होत नाही. दुपारच्या वेळी दाराशी कोणी गरजू येतो आणि आमची नजर आधी घड्याळाकडे जाते. अनुसरणावर प्रवचन तयार करताना दाराशी आलेल्या प्रभूला आम्ही थांबायला सांगितले आहे, हे नम्रपणे कबूल केले पाहिजे. ‘आधी’ हा शब्द आमच्याही ओठांवर आहे.

मग करावे काय? आपल्या धर्मप्रांतात दूरदूरच्या गावांतून थोडी थोडी कुटुंबे विखुरलेली आहेत आणि प्रत्येकाला दर रविवारी पवित्र मिस्सा लाभतेच असे नाही. तरी तीन गोष्टी प्रत्येक घरात होऊ शकतात. पहिली, सकाळी कामाला हात लावण्यापूर्वी तो दिवस प्रभूला अर्पण करणे. दुसरी, संत इग्नाशियसने शिकवल्याप्रमाणे रात्री निजण्यापूर्वी दिवसाचे आत्मपरीक्षण करणे : आज मी कोठे प्रभूबरोबर चाललो आणि कोठे त्याला ‘आधी’ म्हणालो? तिसरी, जो एक कोपरा आपण राखून ठेवला आहे, तो ओळखून प्रायश्चित्त संस्कारात उघडा करणे आणि जेथे कोणाचे देणे असेल तेथे ते चुकते करणे. सारे कोपरे एका दिवसात उजळत नाहीत. एक तरी या आठवड्यात उजळावा.

पूर्ण मन म्हणजे निर्दोष मन, असा गैरसमज मात्र होऊ नये. सर्वस्व सोडून आलेल्या पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले. पुनरुत्थित प्रभूने तिबेर्या सरोवराच्या काठी त्याला तीनदाच प्रीतीविषयी विचारले आणि अखेरीस पुन्हा आपल्यामागे येण्यास सांगितले. नांगरणाऱ्याचाही एखादा तास वाकडा जातो. म्हणून तो नांगर शेतात टाकून घरी जात नाही. बांधापाशी बैल वळवतो, नजर समोर ठेवतो आणि पुढचा तास सरळ धरण्याचा यत्न करतो.

एरंडोलसारख्या गावात आपल्या शेजाऱ्यांनी शुभवर्तमानाचे पुस्तक कदाचित कधी उघडलेले नसेल. परंतु आपल्या घरी कोणाला पाणी मिळते, आपल्या काट्यावर किती वजन भरते आणि पाठीमागे आपण कोणाविषयी काय बोलतो, हे ते रोज पाहतात. तेवढ्यावरून ते येशूला ओळखतील, किंवा ओळखणार नाहीत.

प्रभू आपणां सर्वांना अविभक्त मनाचे दान देवो.