जुना मोबाईल द्या, टब घ्या

आमच्या गल्लीत रविवारी सकाळी दुचाकीवर प्लास्टिकचे टब, बादल्या आणि घमेली रचलेला एक विक्रेता येतो. गाडीला बांधलेला भोंगा एकच पाढा म्हणत असतो : जुना मोबाईल द्या, बंद मोबाईल द्या, फुटका मोबाईल द्या आणि टब घेऊन जा. पूर्वी बोहारीण जुन्या साड्या नेऊन पातेले देत असे, तसाच हा व्यवहार. दिवाळीच्या आवराआवरीत सौभाग्यवतींनी कपाटाच्या खणातून बंद पडलेले पाच फोन बाहेर काढले आणि विचारले, ‘‘अहो, देऊन टाकू का? नुसते पडून तर आहेत.’’ मी थांबवले. त्याला कारण होते माझ्या वॉर्डातला एक जुना रुग्ण.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी सातच्या सुमारास पंचविशीतला एक तरुण आमच्या अपघात विभागात आला. थोडा खोकला, छातीत जड वाटते, डोके दुखते, एवढीच तक्रार. ताप नाही. स्टेथोस्कोपने छाती स्वच्छ. रक्तातला ऑक्सिजन ९७ टक्के. निवासी डॉक्टरने खोकल्याचे औषध देऊन त्याला घरी पाठवले. तो केसपेपर मी स्वतः पाहिला होता आणि मान डोलावली होती. पहाटे तीन वाजता भावाने त्याला रिक्षात घालून परत आणले. ओठ निळे, श्वासाची गती मिनिटाला चाळीस, तोंडातून गुलाबी फेस. एक्स-रेमध्ये दोन्ही फुफ्फुसे पांढरी. न्यूमोनिया की हृदयविकार, असे आमचे तर्क चालू असताना मी त्याच्या भावाला, संध्याकाळीच विचारायला हवा होता, तो प्रश्न विचारला. हा काम काय करतो?

‘‘मोबाईलचे बोर्ड धुतो साहेब. तेजाबात.’’

रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारा, असे रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. आमच्या केसपेपरवर तर त्यासाठी छापील रकानाच असतो. या तरुणाच्या रकान्यात ‘मजुरी’ असे लिहिले होते आणि तेवढ्यावर आमचे समाधान झाले होते.

नायट्रिक आम्लात धातू विरघळताना तांबूस-तपकिरी धूर निघतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. अमोनिया किंवा क्लोरीन नाकात गेला की माणूस ठसकतो, डोळे चोळत पळतो. ती निसर्गाने दिलेली सूचना असते. हा वायू पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे नाका-घशाला विशेष झोंबत नाही. माणूस काम करत राहतो आणि वायू थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतो. तिथे सावकाश नुकसान होऊन काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही, फुफ्फुसात पाणी भरते. म्हणजे संध्याकाळी दिसलेली ती स्वच्छ छाती फसवी होती. अशा रुग्णाला बरे वाटत असले तरी चोवीस तास नजरेखाली ठेवायचे असते.

तो वाचला. श्वासाच्या यंत्रावर काही दिवस गेले, नवव्या दिवशी घरी गेला. या विकारात दोन ते सहा आठवड्यांनी धापेची दुसरी लाट येऊ शकते, म्हणून परत यायला बजावले होते. पाचव्या आठवड्यात आला, तब्येत ठीक होती. कामाचे काय केलेस, असे विचारले तर म्हणाला, ‘‘बोर्ड आता धाकटा भाऊ धुतो. मी नुसतं तोडायचं काम करतो.’’

एवढा जीव धोक्यात घालण्यासारखे त्या बोर्डात असते तरी काय? सोने असते. जोडणीच्या टोकांवर गंज चढू नये म्हणून त्याचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या हिशेबाने दहा लाख मोबाईलमधून सुमारे ३४ किलो सोने, ३५० किलो चांदी आणि १६ टन तांबे मिळते. एका फोनमागे सोने झाले जेमतेम ३४ मिलिग्रॅम. टोकियो ऑलिम्पिकची सुमारे पाच हजार पदके जपानने लोकांकडून जमवलेल्या जुन्या उपकरणांतून घडवली. त्यासाठी ६२ लाखांच्या आसपास मोबाईल गोळा झाले होते. सराफकट्ट्यावरची धूळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी आपल्याकडे पूर्वापार आहेत. हे काम त्याच जातकुळीचे, पण विष कितीतरी जास्त.

अधिकृत कारखान्यात हे काम बंदिस्त यंत्रांत होते, धूर गाळला जातो, आम्ल निष्क्रिय केले जाते. दिल्लीचे सीलमपूर किंवा मुंबईचा कुर्ला-साकीनाका पट्टा यांसारख्या ठिकाणच्या छोट्या खोल्यांत एवढा खर्च कोण करणार? बोर्ड ज्योतीवर तापवून सुटे भाग उपटायचे, तांब्यासाठी वायरी जाळायच्या, उरलेले आम्ल गटारात. झाळ वितळताना शिशाचे कण उडतात, वायरीचे प्लास्टिक जळताना डायॉक्सिन तयार होते. नव्या फोनमध्ये शिसे फार कमी केले गेले आहे, हे सांगायला हवे. पण भंगारात येतो तो जुना माल, आणि फोनसोबत टीव्ही व संगणकही त्याच खोलीत फुटतात.

शिशाची खरी किंमत मुले मोजतात. पोटात गेलेले शिसे प्रौढांच्या तुलनेत लहान मुलांच्या शरीरात चार ते पाच पट जास्त शोषले जाते. ते वाढत्या मेंदूवर परिणाम करते, बुद्ध्यंक घटतो, चंचलपणा वाढतो, आणि ही झीज भरून निघत नाही. चीनमधील ग्वीयू हे गाव एकेकाळी अशा कामासाठी कुप्रसिद्ध होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथल्या मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला सरासरी १५.३ मायक्रोग्रॅम शिसे आढळले. शेजारच्या गावात ९.९. जागतिक आरोग्य संघटना ५ वरच उगम शोधून तो बंद करायला सांगते. शिशाने मूल आजारी दिसतच नाही, शाळेत मागे पडते, आणि बाप म्हणतो, पोरगं अभ्यासच करत नाही. कारागीर अंगावरच्या कपड्यांतून ही धूळ घरी नेतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला. त्यातला २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. बाकीच्यापैकी थोडा तुमच्या-माझ्या खणात पडून आहे. तिथे तो निरुपद्रवी आहे. फोन हातात धरल्याने किंवा घरात ठेवल्याने शिसे अंगात जात नाही. त्रास सुरू होतो तो फोडला-जाळला की.

मग विकायचा कुणाला? चालू फोन असेल तर तो वापरात राहणे सर्वांत चांगले. दुकानात नव्या फोनच्या बदल्यात द्या किंवा पावती देणाऱ्याला विका. आधी सिम आणि मेमरी कार्ड काढा, खात्यातून बाहेर पडा, मग सगळी माहिती पुसा. (आम्हा डॉक्टरांच्या फोनमध्ये रुग्णांचे एक्स-रे असतात, आम्ही तर दोनदा तपासावे.) जुना फोन विकत घेणार असाल तर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक पाहा आणि सरकारच्या ‘संचार साथी’वर तपासा, चोरीचा असेल तर कळेल.

मेलेल्या फोनमधली माहिती पुसता येत नाही, त्यामुळे दारावर देऊ नये याला हे आणखी एक कारण. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा मालाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादक कंपनीवर आहे. कंपनीच्या सेवा केंद्रात जुना फोन घेता का, असे विचारा. आधी टाळाटाळ होते, नेटाने विचारावे लागते. महापालिका आणि काही गृहसंस्था संकलनाचे दिवस ठेवतात. तिथे हा माल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जाणार ना, हे विचारून घ्या. पैसे थोडे मिळतील, कधी मिळणारही नाहीत. टब तर नाहीच.

आमच्या पाचांपैकी दोन फोन चार्ज केल्यावर चालू झाले. ते आता वापरात आहेत. दोन सेवा केंद्राने घेतले. पाचव्याची बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेले होते. अशी बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्ज तर मुळीच करू नये; आतले लिथियमचे मिश्रण पेटले तर विषारी धूर सोडत जळते. तो फोन मी पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूवर ठेवला, डबा स्वयंपाकघरापासून लांब गॅलरीत ठेवला आणि सोमवारी दवाखान्यात जाताना सेवा केंद्रात नेऊन दिला. तिथल्या मुलीने पावतीवर लिहिले : बॅटरी फुगलेली, मोबदला शून्य.