युद्ध त्यांचे, नवी व्यवस्था कोणाची?

युद्ध पेटले की प्रत्येक राष्ट्र न्यायाची भाषा बोलू लागते. 2022 साली रशियाने युक्रेनवर सैन्य घातले. पाश्चात्त्य राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय कायदा सांगितला, रशियाने ‘नाटो’कडे बोट दाखवले, भारत संयुक्त राष्ट्रांत तटस्थ राहिला. पण डिसेंबर 2023 मध्ये गाझातील युद्धबंदीचा ठराव सुरक्षा परिषदेत आला, तेव्हा कायदा सांगणाऱ्या अमेरिकेनेच नकाराधिकार वापरला! घाटकोपरच्या रमाबाई कॉलनीत किंवा मुलुंडच्या चाळीत या जागतिक भांडणाची झळ पोहोचली ती मे 2022 मध्ये गॅस सिलिंडर हजार रुपयांवर गेला तेव्हा. म्हणून ‘हा आपला विषय नव्हे’ असे आपले काही कार्यकर्ते म्हणतात. बाबासाहेबांनी मात्र असे कधीच म्हटले नाही.

दुसऱ्या महायुद्धात प्रत्येकाची भूमिका वेगळी होती. 1941 च्या अटलांटिक सनदेत स्वयंनिर्णयाची ग्वाही देणाऱ्या चर्चिल यांनी, ती मुख्यतः नाझींच्या टाचेखालील युरोपसाठी आहे, असे महिन्याभरात सांगून टाकले. काँग्रेसने 8 ऑगस्ट 1942 रोजी गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव केला. सुभाषबाबूंनी जर्मनी-जपानची मदत घेतली. हिटलर रशियावर चालून गेल्यावर कम्युनिस्टांना हेच युद्ध लोकयुद्ध वाटू लागले.

जुलै 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते स्वीकारलेल्या बाबासाहेबांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई नभोवाणीवरून कामगारांची बाजू मांडली. नाझींची वंशश्रेष्ठत्वाची ‘नवी व्यवस्था’ कामगाराला नको, तशी साम्राज्यवादाची जुनी व्यवस्थाही नको. त्याला हवी आहे स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांवर उभी राहणारी व्यवस्था, हा त्यांचा मुद्दा होता. राष्ट्रवाद हे साधन आहे, साध्य नव्हे, हेही त्यांनी बजावले. माणसांची जन्मावरून उतरंड लावणारा नाझीवाद जातिव्यवस्थेचे चटके सोसलेल्या समाजाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती.

यासाठी मनुवाद्यांनी त्यांना ब्रिटिशधार्जिणे ठरवले. पण त्याच काळात त्यांनी काय मिळवले? 1941 मध्ये महार पलटण उभी राहिली, तिच्यासाठी त्यांनी पाठपुरावा केला होता. 1943 मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी 8.33 टक्के जागा राखीव झाल्या. सरकार, मालक आणि कामगार एका टेबलाशी बसू लागले. इंग्रजांचे गोडवे गाऊन हे मिळत नसते!

आज लाल बहादूर शास्त्री मार्गावरचे कित्येक कारखाने बंद पडले आहेत. त्या कामगारांची मुले मॉलच्या दारावर वॉचमन आहेत, पार्सल पोहोचवत आहेत. जानेवारी 2024 मध्ये हरियाणातल्या रोहतकला तरुणांच्या रांगा लागल्या होत्या, कशासाठी? इस्रायलमध्ये पॅलेस्टिनी मजुरांना काढल्यामुळे रिकाम्या झालेल्या बांधकामाच्या जागांसाठी! एका पीडिताची भाकरी काढून दुसऱ्या गरजवंताच्या हातात द्यायची, हीच का ती न्यायाची जागतिक व्यवस्था?

वॉशिंग्टन, मॉस्को, बीजिंग, दिल्ली यांपैकी कोणाचाही जयजयकार करण्याआधी बाबासाहेबांची कसोटी लावा : या व्यवस्थेत सर्वांत खालच्या माणसाला काय मिळणार? उत्तर मिळेपर्यंत आपली घोषणा उसनी देऊ नका.

जयभीम!